रंग न दिलेला ट्रक

प्रिय मोठे बाबा,

फोनवर मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. फौजेत तुम्ही चालवायचात त्या ट्रकचं मॉडेल तेव्हा पूर्ण झालं नव्हतं. मागच्या फाळक्याची कडी उलटी बसली होती. आता ती सुलट आहे.

प्लास्टिकच्या पांढऱ्या पत्र्यातून प्रत्येक भाग मीच कापला. अवजारं धरायला तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे हात कचरला नाही. सदर भागातल्या मॉडेलच्या प्रदर्शनासाठी पुष्करदादा हिरवा रंग घेऊन आला. मी नको म्हटलं.

"काहून वं? असा पांढराच नेतं का? लोकं हसतील ना!"

"हसू दे. रंगानं रिव्हेट बुजतात. मोठ्या बाबांच्या बोटाले ते लागले पाहिजेत."

नजर गेल्यापासून तुम्ही गाड्यांबद्दल बोलणंच सोडलंत. ट्रक चाचपून तुम्ही पूर्वीसारखं रागवावं, म्हणून मुद्दाम एक चूक ठेवणार होते; पण ते काही जमलं नाही. तरी तुम्हाला एखादी सापडेलच.

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं, तर तिकडे चारुशीला वहिनी वाचून दाखवतील आणि तुम्ही "प्रदर्शन सोडून येऊ नको" म्हणाल. प्रदर्शन रविवारी, एकोणीस एप्रिलला आहे. त्या दिवशी मी सदरला जाणार नाही. ट्रक घेऊन कळमेश्वरला तुमच्याकडे येणार आहे.

तुमची,
अबोली