अंगठ्याकडची वाट

माय, आज भाकरी थापताना पिठाच्या हातानंच मी दुसऱ्या हातातली बांगडी वर सारली आणि मनगटावर ठसा उमटला. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. मी बघत राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली. मी आता अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवते. हे तुला कळलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, "अन् जाऊन येऊन राहिली कोण्या रस्त्यानं?" तुझ्या मनात सगळ्यात आधी रस्ता यायचा.

अमरावतीतला तो रस्ता मला अजून पाठ आहे. त्या वर्षांत कापसाला असा भाव चढला होता की गाड्यांची रांग बाजारातून थेट आपल्या गल्लीपर्यंत येई. अचलपूरकडचे गाडीवान, कुठकुठले दलाल, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. शाळा बाजाराच्या पलीकडे होती. आपल्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली, आणि बाबांनी एकच अट घातली होती, "रस्त्यात काही झालं असं माह्या कानावर आलं, त त्या दिवसापासून शाळा बंद." त्यांनाही भीतीच वाटत होती, हे मला फार उशिरा समजलं.

तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ मळता मळता माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "सोडव." मी ओढते आहे, सुटत नाही. "ओढू नको. बैल हायेस का? पाह्य इकडं." तू हात काढतेस आणि ठशावर बोट ठेवतेस. "इकडं चार बोटं. इकडं अंगठा एकलाच. त्याच्याकडं मनगट फिरव, कोपर वर घे अन् झटका दे." मग रोज थोडं थोडं बाकीचं. गाड्यांच्या मधून जायचं नाही, भिंतीच्या कडेनं जायचं. मागून पावलं आली तर मान खाली घालायची नाही, वळून बघायचं. पाटीची कड पुढे धरायची. आणि ओरडायचं. "'वाचवा' म्हणू नको, लोक दारं लावून घेतात. 'आग' म्हण. जिकडंतिकडं कापसाच्या गंज्या हायेत, सारे धावतीन." मी म्हटलं, "पण आग नसेल तर ते खोटं होईल." तू हसलीस. "हो का वो, पंतोजीणबाई? हात त तुहाच धरला असन ना? मंग?"

तू तेव्हा एका व्यापाऱ्याच्या वखारीत कापसातला कचरा निवडायला जायचीस. त्याच वखारीमागच्या बोळात, भर दुपारी, शाळेतून येताना एका माणसानं माझा हात धरला. त्याचा चेहरा आठवत नाही, तंबाखूचा वास आठवतो. मी मनगट फिरवलं, कोपर वर घेतलं, सुटले. तो पुन्हा पुढे आला आणि मी ओरडले, "आग! आग!" वखारीतून हमाल धावले, बाया घागरी घेऊन धावल्या, "कुठी लागली वो? कुठी?" कुणीतरी भरली घागर तुम्ही बायांनी निवडून ठेवलेल्या कापसाच्या पांढऱ्या ढिगावरच ओतली. त्या गर्दीत तो माणूस नाहीसा झाला. मुकादम गरजला, "कोण ओरडलं?"

मी भिंतीला टेकून पाटी छातीशी धरून उभी होते. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, मग माझ्या लाल झालेल्या मनगटाकडे. मीच ओरडले असं मी म्हटलं असतं तर लोकांनी का ते विचारलं असतं, आणि संध्याकाळच्या आत ते बाबांपर्यंत गेलं असतं. "मी ओरडली," तू म्हणालीस. "मले धुरावानी दिसलं." मुकादम म्हणाला, "डोळे हायेत का कवड्या? इतका माल पडला हाय अन् आगीचं नाव घेते? उद्यापासून येऊ नको." मी तोंड उघडलं नाही. घरी जाताना तू एवढंच विचारलंस, "अंगठ्याकडून फिरवलं ना?" "हो." "मंग झालं."

त्यानंतर तू दोन कोसांवर शेतात कापूस वेचायला जायला लागलीस, आणि मी शाळेत. पुढच्या उन्हाळ्यात तू तापानं गेलीस. त्या दिवशी खोटं कोण बोललं, तू की मी, याचा विचार मी कितीतरी वर्षं केला.

मागच्या महिन्यात माझ्या वर्गातली एक मुलगी यायची थांबली. तिची आई म्हणाली, "रस्ता खराब हाय, बाई." दुसऱ्या दिवशी मी तिला घरून घेऊन आले, तळहाताला खडूची पूड चोळली आणि एकेका मुलीचं मनगट धरलं. तीच मुलगी म्हणाली, "बाई, अन् ओरडाचं काय?" मी हातावरची खडूची पूड झटकली. मग म्हटलं, "आग."

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि पुढचं कुणी दुसऱ्यानं वाचावं हे मला नको आहे. म्हणून ते माझ्या पेटीतच राहील. मनगट सोडवणं मला तिसऱ्याच दिवशी जमलं होतं. तरी त्यानंतर कितीतरी सकाळी मी मुद्दाम चुकत राहिले. तू चिडायचीस, "काहून ढिली पडून राहिली वो?" आणि पुन्हा धरायचीस.