हजारो वर्षं म्हणालीस ना

१५ जुलै
कॉलेजात २८ ला माझं व्याख्यान. हिमयुगाच्या पहिल्या कल्पना. तयारीला एम.एस्सी.ची वही काढली. युरोपातल्या मैदानांतले अवाढव्य धोंडे पुराने आणले असं आधी म्हणायचे. कुणीतरी म्हणाला बर्फाने, तर लोक हसले. मग एका शास्त्रज्ञाने केलेला हवेतल्या कार्बन वायूचा हिशेब. कोळसा जाळून पृथ्वी तापेल, पण हजारो वर्षं लागतील. खाली माझी लाल रेघ.

१६ जुलै
ती रेघ डोक्यातून जात नाही. पूर्णगडला दादा घर बांधायला निघाला तेव्हा हेच पान मी त्याला वाचून दाखवलं होतं. बाबा सांगत होते, समुद्र आत येतो, मागे सरक. दादा म्हणाला, सुमी शिकलेली आहे, ती म्हणते हजारो वर्षं. चिरे लागले ते किनाऱ्याच्या पुळणीला चिकटून.

१९ जुलै
त्या हिशेबाचं मूळ पुस्तक लायब्ररीत मिळालं. पुढच्याच ओळीत अट आहे, त्या वेळी जळत होता तेवढाच कोळसा जळत राहिला तर. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कोळसा. ती ओळ मी उतरवलीच नव्हती. शहाणी मोठी. त्या शास्त्रज्ञाला बोल लावून काय उपयोग.

२२ जुलै
दादाला फोन केला. अमावस्येचं उधाण आहे, वर काकांकडे जा.
"काय गो, होडी ओढली वर, आता घर पण ओढू?" हसला.
चूक सांगायची होती. जीभ रेटेना. व्याख्यानाचा एक कागद लिहून झालेला नाही.

२५ जुलै, पूर्णगड
पहिल्या एस्टीने आले. बाराची भरती. माडांची मुळं उघडी पडलीत, आवाराचा दगडी गडगा फुटलाय, पाणी पडवीच्या पायरीला. दादा पायरीवर बसलेला. सगळं सांगितलं, राहिलेल्या ओळीसकट. रडले. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
"शेजारच्या दोघांनी माझं ऐकून घरं पुढे बांधली. मी सांगायचो, सुमी म्हणते."
मग म्हणाला, "बरं. आता नीट बघून सांग. किती वर्षं?"
माझ्याकडे आकडा नाही. म्हटलं, आज तांदळाचं पिंप तरी वर काकांकडे नेऊ.
वहिनी उठली. शेजारचे दोघे गडग्यापाशी येऊन उभे राहिलेत. दादा त्यांना म्हणाला, "थांबा, सुमी सांगत्ये."