शेंदराचे हात

तेरखेडा, भाद्रपद, १९४४

प्रिय महानंदा,

अप्पांचा निरोप पोचला. दिवाळी झाली की तुझं यांच्याशी लग्न लावायचं ठरलं म्हणे. माझं मूल जगत नाही, तर पाठची बहीणच सवत म्हणून आणावी, घरचं घरात राहील. सासूबाईंनी तुझ्यासाठी इरकली लुगडंही काढून ठेवलंय. तू गप्प बसलीस असं कळलं. माझ्या ताटातली पोळी ओढून घेणारी तू, आता माझ्या नवऱ्याला नाही म्हणायला तुझी जीभ उचलेना! हस, हस. मी चिडलेली नाही गं. मी भ्यालेय. लई भ्यालेय.

पहिलं बाळ रडलंच नाही, हे तुला ठाऊक आहे. तूच दाराला कान लावून बसली होतीस. दुसरं पाचवी पुजायच्या आत गेलं. तेव्हापासून बायका माझ्या पोटाला नावं ठेवतात. अंगारे झाले, उपास झाले, सासूबाईंनी मला दर्ग्यातही नेलं. यांना मात्र कुणी काही विचारलं नाही. गड्याला कोण विचारतंय?

यांचं काम शोभेच्या दारूचं. फटाका तडतडावा म्हणून त्यात शेंदूर घालतात, तो हेच चाळतात. संध्याकाळी येतात ते कोपरापर्यंत लाल होऊन, आणि त्याच हातानं भाकरी मोडतात. मी पाणी पुढं केलं की सासूबाई म्हणणार, मारुतीच्या अंगचा रंग तो, त्यानं कुणाचं वाईट झालंय का? मलाही ते पटायचं. हल्ली यांच्या पोटात मुरडा येतो, हातातला तांब्या थरथरतो. म्हणून सरहद्दीवरचा करोडगिरीचा जकातनाका ओलांडून बार्शीला डॉक्टरकडं नेलं. नाक्यावरचा शिपाई हात बघून म्हणाला, कुणाचा मुडदा पाडून आलास बाबा?

डॉक्टरीणबाईंनी यांचा ओठ वर केला. हिरडीवर निळीकाळी रेघ होती. मग माझ्याकडं वळून मुलांचं विचारलं. मी दोन्ही बाळांचं सांगितलं. मग म्हणाल्या, "बाई, खोट तुझ्यात नाही. शेंदरात शिसं असतं, ते याच्या रक्तात गेलंय. बाळ पोटात राहायच्या आधीच ते बाधतं." वर्षभर शेंदराला शिवायचं नाही, मूलही होऊ द्यायचं नाही, असं बजावलं. अप्पा पेरायचं बियाणं राखेत घोळून कसं जपतात, ते मला आठवलं. आधी सुटल्यासारखं वाटलं, बाई. मग तुझं तोंड डोळ्यांपुढं आलं.

परवापासून हे कामाला गेले नाहीत. सासूबाई म्हणतात, डॉक्टरणीला देवाधर्माचं काय कळतं! लग्न ठरल्याप्रमाणं होणारच. हे मान खाली घालून मला एवढंच म्हणाले, "महानंदाला कळव. मला तोंड नाही."

म्हणून अप्पांना नाही सांग. माझी कीव म्हणून नको, तुझ्या होणाऱ्या लेकरांसाठी सांग. आणि एक गोष्ट यांनाही अजून बोलले नाही. मला पुन्हा दिवस गेलेत, बार्शीला जायच्या आधीचेच. परत आल्यावर कळलं. भाकरी थापताना मधेच हात थांबतो माझा. बाळंतपणाला मी माहेरी, माकणीला येईन. तेव्हा तू सवत नसावीस, बहीण म्हणून माझ्या उशाशी बसावंस. मी डोळे मिटून घेईन. बाळ रडलं, तरच मला हाक मार.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच अक्का,
शिवम्मा