शेपटीकडची मोजणी

रविवार, ९ मार्च

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. जिने चढू नकोस म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, म्हणून म्हणत नाही. मी बरी आहे. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. दादाला सांग, त्याने दिलेला हीटर अजून चालतो.

नव्या शोधनिबंधावर सही करून पाठव म्हणतेस. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी इथली एक गंमत ऐक.

पहिल्याच आठवड्यात इथल्या लॅबमध्ये रक्तातल्या कच्च्या पेशी मोजताना माझे आकडे सगळ्यांपेक्षा जास्त यायला लागले. इथल्या टेक्निशियन बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "अहो मॅडम, स्लाइडच्या शेपटीकडून काय मोजताय? रक्ताचा थर ओढताना मोठ्या पेशी त्या पातळ टोकाकडेच ढकलल्या जातात. आकडा फुगणारच की!"

"आईने असंच शिकवलंय."

"मग आईंना परत पहिल्या वर्षाला बसवा!"

सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन कडी लावून उभी राहिले.

मी सात वर्षांची असताना तू जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडलास. "कच्च्या पेशी शोधायच्या ना, मग शेपटीकडे बघ." शोधायला ते बरोबरच होतं. मोजायला नव्हतं. आपल्या घरात हा फरक कुणी केलाच नाही.

आपल्या जुन्या निबंधात आपण लिहिलंय, दोन स्वतंत्र वाचकांनी मोजणी केली आणि निष्कर्ष जवळजवळ तंतोतंत जुळले. जुळणारच. एकीने दुसरीला घडवलं होतं. तू तर चारचौघांत सांगायचीस, "पोरीने माझा डोळा घेतलाय."

तुझ्या जुन्या सहायकाकडून मी त्या निबंधातल्या रुग्णांच्या स्लाइड मागवून घेतल्या. तुला न विचारता. एकशे बारा. या वेळी मधून मोजल्या. बाईंनीही माझे आकडे न बघता मोजल्या. आपण वीसच्या वर दाखवलेल्यांपैकी एकोणीस जणांच्या कच्च्या पेशी वीस टक्क्यांच्या खाली आल्या. वीसच्या वर म्हणजे ल्युकेमिया, म्हणजे जहाल औषध. खाली असेल तर सौम्य उपचार. आपण त्या एकोणीस जणांना जहाल औषध दिलं.

त्यांतले ते बस कंडक्टर आठवतात? "डॉक्टरीणबाई, आज रक्तात फुकटे प्रवासी किती?" असं विचारायचे. औषधाने प्रतिकारशक्ती गेली आणि तिसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्गाने गेले. सौम्य उपचारांवर ते जगलेच असते असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. त्या तीन आठवड्यांत मात्र गेले नसते. बहुधा.

इथवर सगळा दोष तुझ्यावर टाकून झाला. सोपं गेलं.

आता उरलेलं. कंडक्टरांची स्लाइड मी तेव्हा आधी मधूनच मोजली होती, कारण शेपटीवर रंगाचा डाग पडला होता. सोळा टक्के आले. पलीकडच्या टेबलावरून तू विचारलंस, "झालं का गं?" जहाल औषधाच्या वॉर्डात त्यांची खाट तयार आहे हे मला ठाऊक होतं, म्हणजे तुझा आकडा वीसच्या वर आहे, हेही कळत होतं. मी म्हटलं, "होतंय." डाग चुकवून शेपटीत शिरले आणि पुन्हा मोजलं. तेवीस. तेच लिहिलं. तू म्हणालीस, "शाबास."

मला भूक लागली होती, घरी जायचं होतं आणि तुझ्याशी वाद घालायचा नव्हता. एवढंच कारण. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

नव्या निबंधावर सही करणार नाही. काल जुन्या निबंधाच्या संपादकांना सगळं कळवलं, सोळाच्या आकड्यासकट. दोघींची नावं आहेत, माझं आधी. तू म्हणशील, चाळीस वर्षांच्या कामावर पोटच्या पोरीने पाणी फिरवलं. फिरवलं, आई. कंडक्टरांच्या बायकोला लिहायचं राहिलंय. चार कागद फाडले. "आपले पती" याच्या पुढे हात जात नाही.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी हो म्हणते.

तुझी,
बबडी