गावाला झालेलं सँक्शन

७ फेब्रुवारी १९७३, तालुका नेवासा

तीर्थस्वरूप राधाकृष्णमामांस, भाचा सूर्यभानचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. इकडे आम्ही सर्व जिवंत आहोत. या साली खुशाली म्हणायची ती एवढीच.

मामा, माझं इंग्रजी आपल्या हातचं, म्हणून कबुलीही आपल्यापाशीच देतो. पाऊस नाही, हाताला काम नाही, अर्धं गाव घरांना कड्या घालून निघायच्या बेतात होतं. म्हणून पाझर तलावाच्या कामासाठी मी इंग्रजीत अर्ज केला. (मराठीत चालला असता, पण गावात इंग्रजी येणारा मी एकटा, आणि त्याचा मला माज होता.) उत्तर येईना, तेव्हा सगळे कचेरीच्या दारात दिवसभर बसून आलो. आठवड्याने कागद आला. त्यात ‘सँक्शन’ हा शब्द. तो इथे गुराख्यालाही ठाऊक आहे. विहीर सँक्शन झाली, रस्ता सँक्शन झाला. मी मात्र आपण दिलेला शब्दकोश उघडला. पहिला अर्थ मंजुरी, दुसरा शिक्षा. एकाच शब्दाच्या घरात हे दोघे कसे नांदतात, देव जाणे. वर्तमानपत्रात ऱ्होडेशियावर सँक्शन लादल्याचं वाचलं होतं, ती काही मंजुरी नव्हती. शिवाय कचेरीपुढे बसल्याची धास्ती होतीच. मी पारावर उभा राहून जाहीर केलं, की गावाला शिक्षा झाली आहे, तलावाच्या माळाकडे कोणी फिरकू नये. लोकांनी माना डोलावल्या. दगडाबाई तेवढी म्हणाली, “गुर्जी, तुमी म्हंता तर तसंच आसंल.”

पुढचे पाच दिवस मला अन्न गोड लागलं नाही. गल्ल्या ओस, शाळेत चार पोरं. माझ्या अर्जापायी गाव उठलं, या विचाराने मी खचलो आणि मास्तरकीचा राजीनामा लिहिला (तोही इंग्रजीत). सहाव्या दिवशी तो द्यायला माळावरून निघालो, तर खाली उतारावर सगळं गाव माती उपसत होतं. ओव्हरसियर केव्हाच आखणी करून गेला होता. मला पाहून सगळ्यांचे हात थांबले. दगडाबाईने पाटी खाली ठेवली.

“वढ्याकडनं वळसा घालून येत हुतो, गुर्जी. तुमच्या दारावरनं कुदळी घिऊन कसं जायाचं? तुमाला वाईट वाटलं आसतं.”

रोज पहाटे कोसभर जादा चालत होती ही उपाशी माणसं, माझा शब्द खाली पडू नये म्हणून. मामा, मला तिथेच रडू आलं. राजीनामा फाडला.

आपला आज्ञाधारक,
सूर्यभान

ता. क. वरील मजकूर मामींना वाचून दाखवू नये.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं, की काल आणखी एक इंग्रजी पाकीट आलं. लोक ते घेऊन पुन्हा माझ्याच दारात आले आणि ओटीवर मांडी घालून बसले. डोळे आल्याचं सांगून मी वेळ मारून नेली आहे. आपण रविवारच्या एसटीने पाहुणे म्हणून यावे आणि आतल्या खोलीत मला अर्थ सांगावा. उशीर करू नये. पाकीट दगडाबाईने देव्हाऱ्यात ठेवलं आहे, तालुक्याहून येणारा पोस्टमन वाचून देतो म्हणाला, तर तिने त्याला परतवून लावलं, “आमचे गुर्जी बरे व्हतील मंग वाचतील.”