गाठ मारलेला अंक

बाबा, तुमची पत्र्याची पेटी सध्या माझ्या जेवणाच्या टेबलाखाली आहे आणि तिचं काय करायचं ते तीन आठवडे झाले तरी मला ठरवता येत नाही. दादाने सिहोऱ्याचं घर पाडून नवं बांधायला काढलं. सामान हलवताना त्याचा फोन आला, "बाबांच्या कॉमिक रद्दीले देऊ का तू घेऊन जाते?" घेऊन जाते म्हणाले आणि भंडाऱ्याला घेऊन आले. त्या इन्स्पेक्टरच्या मालिकेचे सगळे अंक पहिल्यापासून क्रमाने लावलेले आहेत. खून, तपास, खुनी, पुढच्या महिन्यात पुन्हा खून. तुमची लेक असून त्यातला एकही अंक मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेला नाही.

महिन्यातून एकदा तुम्ही दोरे-बटणं आणायला तुमसरला जायचे आणि येताना बसस्टँडवरून नवा अंक आणायचे. दुकानात आल्या आल्या गिऱ्हाइकाचे शिवायचे शर्ट बाजूला, आधी अंकाची शिलाई. शेवटची आठ पानं तुम्ही पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या टाक्यात शिवून टाकायचे, कारण स्वतःच्या हाताचा तुम्हाला भरवसा नव्हता. चौथीपर्यंतच शाळा, त्यामुळे ओठ हलवत हलवत वाचायचे. टाक्यापाशी पोचलात की समासात पेन्सिलीने संशयिताचं नाव लिहायचे आणि मग चार-पाच दिवस मशीन चालवत त्याच्यावरच विचार करायचे. रविवारी दोरा ओढायचा आणि नावापुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. आई म्हणायची, गिऱ्हाइकाचं माप विसराल, पण मुडदा कुठं सापडला ते नाही विसरणार. एका बाहीचा शर्ट घालून ट्रायलला उभा असलेला माणूस शेवट पाहायला वाकला, की तुम्ही म्हणायचे, "पान तं बोट बी उलटते, खुनी शोधाले डोकं लागते."

मी अकरा वर्षांची होते. तुम्ही जेवायला घरी गेला होता, दुकानात मी एकटीच. दोरा ओढला तर सहज निघाला. आठही पानं घाईघाईने वाचली, सुई घेतली, जुन्याच भोकांतून पुन्हा टाके घातले. अगदी तुमच्यासारखे घातले, असं मला वाटलं. फक्त शेवटी दोरा सुटू नये म्हणून घट्ट गाठ मारली. शिंप्याच्या पोरीने! तुम्ही आलात, अंक उचलला आणि तुमचं बोट तिथेच थांबलं.

"कच्च्या टाक्याले गाठ कोन मारते?"

बाकावर बसलेलं गिऱ्हाईक हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि लाज लपवायला मी हनुवटी वर करून सांगून टाकलं, खून मुनिमानं केला. तुम्ही हात उगारला नाही. त्या गाठीवरून अंगठा फिरवलात.

"सांगून टाकलं ना तू. मंग आता उसवून काय करू?"

अंक पेटीत गेला आणि तुम्ही काज करायला बसलात. त्यानंतर तुमच्या हातात कॉमिक मी कधी पाहिलं नाही. तुमचा एवढासा छंद, तोही मी मोडला, असंच मी धरून चालले. लग्न झालं, नोकरी झाली, स्टॉलवर असली पुस्तकं दिसली की मी मान वळवायची आणि लोकांना सांगायची, मला नाही आवडत असलं काही.

पेटी उघडल्यावर कळलं की तुम्ही थांबलाच नव्हता, फक्त माझ्यासमोर वाचत नव्हता. ते कळून बरं वाटलं आणि रडूही आलं. त्या अंकानंतरचेही ढीगभर अंक आहेत, प्रत्येकाच्या कडेला सुईची भोकं, समासात एकेक नाव. फुल्याच जास्त, बाबा. एका ठिकाणी लिहिलंय, चुकलो पण मजा आली. शिवलेला आहे तो फक्त एकच. माझी गाठ अजून तशीच आहे. टाक्याच्या अलीकडच्या पानावर तुमचं अक्षर, डॉक्टर, आणि त्याच्यापुढे फुली. अंक न उसवता मारलेली फुली.

वाचायला घ्यावं का नाही, हा घोळ म्हणूनच चाललाय. आमच्या घरचे म्हणतात, एवढा काय विचार, कुठलाही उचल आणि वाच. पण घेतलं तर तुमच्याच रीतीने घ्यावं लागेल, पहिल्यापासून, एकही न गाळता, आणि कधी ना कधी त्या अंकाशी यावं लागेल. शिवाय सगळे संपले की तुमचं म्हणून काही वाचायचं राहणार नाही, तीही भीती आहेच. आज दुपारी स्वयंपाकघर आवरून पहिला अंक बाहेर काढला. तुमच्या भोकांतून पांढरा दोरा ओवला आणि शेवटची आठ पानं शिवली. गाठ मारली नाही.

हे पत्र त्या गाठीच्या अंकातच ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? बाबा, खून मुनिमाने केला नव्हता. मी मुद्दाम खोटं नाव सांगितलं होतं. वाटलं, रविवारी उसवाल, चकित व्हाल, मला हाक माराल आणि दोघं हसू. रविवार आला, तुम्ही उसवलं नाही, आणि मग माझं तोंडच उघडलं नाही. खुनी डॉक्टरच होता. माझ्या शब्दावर तुम्ही स्वतःच्या बरोबर उत्तरावर फुली मारलीत.