चारनंतर तीन

गुरुजी, वर नमस्कार लिहिलेला नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही. तुम्ही गेल्याचं मला समुद्रपूरला एका लग्नाच्या पंगतीत कळलं. शेजारच्या बाईंनी हळहळत सांगितलं, आणि मी वाढप्याकडे आणखी वरण-भात मागितला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला लिहावं असं एवढ्या वर्षांत कधी वाटलं नाही. मनातल्या मनात भांडले मात्र पुष्कळ, भाजी चिरताना, बसची वाट पाहताना. आज वर्गात एका मुलीनं एक प्रश्न विचारला आणि माझं डोकं असं काही तापलं की घरी येऊन चपला काढल्या न काढल्या, तशीच लिहायला बसले.

तुम्हाला ठाऊक नसेल, मी विद्यापीठात शिकवते. तुमची ती ढ पोरगी! एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरची भाषा शिकवते, म्हणजे यंत्राला काम कसं सांगायचं ते. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. आपण जे सांगू, ज्या क्रमानं सांगू, तेच ते करतं. मी शिकवायला लागले तेव्हा फोरट्रान नावाची भाषा होती, एकेक ओळ कार्डावर भोकं पाडून द्यावी लागायची. आता मुलं पडद्यावर लिहितात, भाषाही बदलल्या, पण मुलं काही बदलली नाहीत. उत्तर चुकलं की कागद नाचवत येतात, "मॅडम, मशीन बिघडलं." मी म्हणते, मशीन कशाला बिघडतंय बाबा, तूच काहीतरी बरळला असशील त्याच्यापुढे. सगळे हसतात. मला हसू येत नाही, कारण आपल्या शाळेत तुम्ही मला असंच यंत्र करून ठेवलं होतं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं, शाळेत अभ्यासाबरोबर विणकामही शिकवायचे. मधली सुट्टी झाली की पाटी-पुस्तक बंद आणि माग सुरू. मागाच्या खाली चार पावड्या, पायानं दाबायच्या. त्या कोणत्या क्रमानं दाबल्या त्यावर कापडातली नक्षी ठरायची. आपली शाळा शंकरपाळ्याच्या नक्षीसाठी नावाजलेली. एक, दोन, तीन, चार, आणि मग उलट फिरायचं, तीन, दोन, एक. चारनंतर तीन आलं की तिरपी रेघ वळते आणि शंकरपाळं मिटतं, एवढं साधं. तुम्ही जोड्या लावायचे. एकानं मागे उभं राहून आकडे सांगायचे, दुसऱ्यानं पावडी दाबून आडव्या सुताचा धोटा ताण्यातून फेकायचा, आणि आठवडा झाला की अदलाबदल. सगळ्यांची व्हायची, माझी नाही. माझा हात जलद, माझं कापड घट्ट, म्हणून मी कायमची मागावर. "गुरुजी, एक डाव मलेबी सांगू द्या ना," असं किती वेळा म्हटलं असेल. तुमचं उत्तर ठरलेलं, "पोरी, डोकं नको चालवू, हात चालव." एकदा दुकानदाराचा मुलगा आकडे सांगताना चुकला आणि मी मान वळवून म्हटलं, "आता तीन आहे, दोन नाई." तुम्ही माझा कान धरून उठवलंत. "सांगणाऱ्याले शिकवून राह्यली काय? काऊन बोलली?" आणि भर उन्हात विहिरीपाशी उभं केलंत, अनवाणी. तो मुलगा सावलीत बसून चिंचा खात होता.

तरी मी सगळं सहन करत होते, कारण मला वर्ध्याच्या मोठ्या शाळेत जायचं होतं. सातवीनंतर कोणाचं नाव तिकडे धाडायचं ते तुम्ही ठरवायचे. मला गणित शिकायचं होतं, दुसरं काही नको होतं, आणि हे तुम्हाला माहीत होतं. मग तपासणीचा दिवस येतो. वर्ध्याहून साहेब आलेत, अंगणात सडा घातलाय, गावातली माणसं भिंतीला टेकून उभी आहेत. आज आकडे सांगायला तुम्ही स्वतः माझ्या मागे उभे. टोपी नवी, आवाज नेहमीपेक्षा गोड. एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. शंकरपाळी धडाधड उमटताहेत. साहेब तुम्हाला काहीतरी विचारतात, तुम्ही तिकडे वळून हसत उत्तर देता, आणि तोंडानं आकडे चालूच. एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, चार. वळायचं विसरलात, गुरुजी! मी तुम्ही म्हणाल ती पावडी दाबत गेले. रेघ वळलीच नाही, आपली तिरपी तिरपी सरळ निघाली. साहेबांनी बोट ठेवलं, "हे काय झालं?" तुम्ही कापड पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि सगळ्या गावासमोर माझ्या डोक्यात टपली मारलीत. "पोरगी ढ आहे, साहेब. सांगितलेलं समजत नाई." मग माझ्यावर ओरडलात, "तुले दिसत नव्हतं काय? डोकं कुठी होतं तुयं?"

डोकं! बोलले तेव्हा विहिरीपाशी उभं केलंत, गप्प बसले तर टपली. मग मी करायचं तरी काय होतं, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, मी दाराआड. तुम्ही बाबांना म्हणालात, "हिचं नाव नाई धाडत मी. हिच्या डोक्यात काई उतरत नाई. हात चांगले आहेत, घरीच मागावर बसवा." बाबा हात जोडून म्हणाले, "गुरुजी म्हणते तं खरंच असन." जाताना तुम्ही झोळीतून एक धोटा काढून मला बक्षीस दिलात, नवा, तेल लावलेला. बक्षीस म्हणे! तुम्ही गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "मले मागातलं काई समजत नाई. पण पोरगी म्हणते गुरुजी चुकले, तं चुकलेच असन." बाबांचं मन वळवायला तिला दोन वर्षं लागली. तोवर मी घरी पंचे विणत होते. मग तिनंच मला वर्ध्याला मावशीकडे नेऊन सोडलं आणि शाळेत घातलं. तुमचे उपकार त्यात कुठेच नाहीत.

आता तुमचं मी काय करते ते ऐका. दर वर्षी पहिल्या तासाला चौकटीचा कागद वाटते आणि तुमचेच आकडे तुमच्याच चुकीसकट मोठ्यानं सांगते. मुलं सांगितल्याप्रमाणे चौकटी रंगवतात, शंकरपाळं मिटत नाही. मग विचारते, चुकलं कोण? दर वर्षी निम्मा वर्ग म्हणतो, रंगवणारा. अशी तुमची चूक मी वर्षानुवर्षं पोरांसमोर मांडत आलेय, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. पण आज मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. देवळीची आहे, आपल्याच भागातली, बोलण्यावरून पहिल्याच दिवशी ओळखली मी. म्हणाली, "मॅडम, चुकला सांगणाराच. पण करणाऱ्याला थांबून विचारायची सोय काऊन नव्हती?" बरोबर आहे तिचं. आमचं यंत्रसुद्धा भलतंसलतं दिसलं की अडतं, अमुक ओळ पाहा म्हणतं. निर्जीव वस्तूला आम्ही कुरकुर करू देतो, गुरुजी, आणि तुम्ही बारा-तेरा वर्षांच्या पोरीला तेवढीसुद्धा करू दिली नाहीत. मी तिला म्हटलं, "सोय होती. विचारलं की उन्हात उभं करायचे." वर्गाला वाटलं मी गंमत केली. ती मुलगी तेवढी हसली नाही.

तुमचा धोटा माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून. लोक म्हणतात, जाऊ दे, मेलेल्या माणसावर काय रागवायचं. मला जमत नाही, जमवायचंही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा कोणालाच न सांगितलेली एक गोष्ट लिहून ठेवते, आईलाही सांगितली नव्हती. त्या दिवशी तुम्ही चारनंतर "एक" म्हणालात, तेव्हा माझा पाय आपोआप तीनच्या पावडीवर गेला होता. मला विहीर आठवली आणि मी तो मागे घेतला. तुम्ही साहेबांकडे पाहून हसत होता, खाली एकदा पाहिलं असतंत तर दिसलं असतं. मला येत होतं, गुरुजी.